शब्द नाहीतच, असं मी आईला सांगितलं होतं

मंगळवार, रात्री साडेदहा

पोटऱ्या भरून आल्यात, झोप काही येत नाही. लिहून टाकते.

आज संध्याकाळी लेकीला पहिल्यांदाच स्पिन क्लासला, म्हणजे गाण्यांवर जागच्या जागी सायकल मारायच्या व्यायामाला, नेलं. चढाचा भाग आला तसे इन्स्ट्रक्टरनं दिवे मंद केले आणि गाणं लावलं. दोन-चार ठोक्यांतच ओळखलं. द प्रॉडिजी या ब्रिटिश बँडचं 'स्मॅक माय बिच अप'. इतकी वर्षं झाली, तरी ते सुरू झालं की माझे पाय माझे राहत नाहीत. मान खाली घातली आणि सुटले. जरा वेळानं डावीकडे पाहिलं तर बाईसाहेब पेडल थांबवून बसलेल्या. हातात पाण्याची बाटली, नजर माझ्यावर. तेव्हा लक्षात आलं, मी नुसती सायकल मारत नव्हते, माझे ओठही हलत होते.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, तो काय म्हणतोय ते कळतंय ना तुला?"

"कळतं गं. जुनं गाणं आहे ते."

"जुनं आहे म्हणून काय झालं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिग्नल हिरवा झाला, तेवढीच सुटका.

१९९७ च्या हिवाळ्यात मी इथंच इंग्लंडात, लेस्टरला शिकत होते. इंग्रजी चांगलं होतं माझं, म्हणजे निबंध लिहिण्यापुरतं. नाचण्यापुरतं नव्हतं. शुक्रवारी रात्री युनियनच्या हॉलमध्ये हे गाणं लागलं की कोपऱ्यात उभी राहणारी पोरंसुद्धा मधे यायची. मिनिटाला साधारण १३६ ठोके, आणि खालून तो फरशी हलवणारा बेस. शब्द म्हणजे दोनच ओळी, गिरणीच्या पट्ट्यासारख्या फिरत राहणाऱ्या. मला त्या ऐकू यायच्या, पण लागायच्या नाहीत. त्यातला तो एक शब्द माझ्यासाठी कुत्री या अर्थाचा डिक्शनरीतला शब्द होता, फार तर सिनेमातला. तीच ओळ कुणी मराठीत म्हटली असती तर मी हॉल सोडून गेले असते, जाताना दोन शब्द सुनावूनही आले असते. मघाशी मनातल्या मनात तिचं मराठी करून पाहिलं. झालं की लगेच. पण इथं लिहायला हात धजत नाही. माझीच रोजनिशी, तरी.

आणि मग गाणं उतरणीला लागलं की त्यात एक बाई गायला लागते. तो सगळा धडधडाट जरा मागे सरतो आणि नुसता आलाप येतो. घर सोडून तीन महिने झालेल्या मुलीला त्या गर्दीत, त्या घामाच्या वासात अचानक असा स्वर ऐकू आला तर तिचं काय होईल? मी डोळे मिटून उभी राहिले होते, हे पक्कं आठवतंय. त्या रविवारी फोनकार्डवर आईला सांगितलंही, की इथल्या नाचाच्या गाण्यात आपल्यासारखा आलाप आहे. आईनं विचारलं, "शब्द काय आहेत?"

मी म्हटलं, "शब्द नाहीतच."

खोटं बोलले का? तेव्हा तरी तसं वाटलं नाही.

तो आवाज शाहीन बदर यांचा, हे फार नंतर कळलं. इंग्लंडमधल्याच गायिका. आणि ती जागा घेतली होती शीला चंद्रा यांच्या 'नाना' या रचनेवरून. ८० च्या दशकात मॉन्सून नावाच्या बँडमधून तंबोरा-सितार ब्रिटनच्या टॉप ट्वेंटीत नेणाऱ्या त्याच शीला चंद्रा. त्या दोन बदनाम ओळीही प्रॉडिजीची गाणी रचणाऱ्या लियम हाउलेटनं स्वतः लिहिलेल्या नाहीत. अल्ट्रामॅग्नेटिक एमसीज या न्यूयॉर्कच्या रॅप ग्रुपच्या १९८८ च्या रेकॉर्डवरून उचललेल्या आहेत. म्हणजे एसेक्समधल्या ब्रेनट्रीच्या या पोरानं शिवी अमेरिकेची घेतली, आलाप आपल्या बाजूचा घेतला आणि खाली ठोका स्वतःचा लावला.

जेवण झाल्यावर लेक लॅपटॉप घेऊन समोर बसली. तिला सगळं पुराव्यासकट लागतं. बापावर गेलीय.

गाजावाजा काय कमी झाला होता? 'फायरस्टार्टर' आणि 'ब्रीद' ही त्याच अल्बममधली आधीची दोन्ही गाणी इथं पहिल्या नंबरवर गेली होती. हे नोव्हेंबरात आलं आणि आठव्यापर्यंतच पोचलं, पण बोलणं झालं ते याचंच. बीबीसीच्या रेडिओ वननं शब्द काढून वाजवलं. अमेरिकेत नाऊ या स्त्रियांच्या संघटनेनं विरोध केला. वॉलमार्ट आणि केमार्टनं अल्बम दुकानांतून काढून टाकला, पण कधी? काही महिने व्यवस्थित विकून झाल्यावर, डिसेंबरात. गल्ला भरल्यावर आलेली नीतिमत्ता, दुसरं काय! (तिकडे तो अल्बम मॅडोनाच्या कंपनीनं काढला होता, यावर लेक बराच वेळ हसली.) हाउलेटचं म्हणणं असं, की तो वाक्प्रचार आहे, एखादी गोष्ट बेभान होऊन करणं एवढाच अर्थ. असेल. पण वाक्प्रचारालाही कुणाचा तरी गाल लागतोच ना.

१९९८ ला इथल्या रीडिंग फेस्टिव्हलमध्ये बीस्टी बॉइज या अमेरिकन रॅप ग्रुपनं सांगून पाहिलं, की आज हे गाणं नका वाजवू. त्यांच्या स्वतःच्या जुन्या गाण्यांत बायकांबद्दल काय काय होतं, पण त्यांना ते उमगलं होतं एव्हाना. प्रॉडिजीनं ऐकलं नाही, वाजवलंच. मी तेव्हा कुणाच्या बाजूनं होते? प्रॉडिजीच्या. बावीस वर्षांची होते आणि 'वाजवू नका' म्हणणारा कुणीही मला हॉस्टेलच्या रेक्टरबाईंसारखा वाटायचा.

मग व्हिडिओ. मी तिला म्हटलं, आधी बघ आणि मग बोल. योनास ओकरलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाचा. कॅमेरा म्हणजेच माणसाचे डोळे. दारू, ड्रग्ज, क्लबमध्ये बायकांच्या अंगाला हात, मारामारी, ओकाऱ्या, शेवटी एका स्ट्रिपरला घरी आणणं. आणि अगदी अखेरीला आरशात दिसतं, की ज्याच्या डोळ्यांनी आपण हे सगळं पाहिलं तो पुरुष नाहीच, बाई आहे. एमटीव्हीनं तो मध्यरात्रीनंतरच दाखवला आणि पुढच्या वर्षी त्यालाच दोन बक्षिसंही दिली. आम्ही मैत्रिणी तेव्हा या आरशावर फिदा होतो. कसं फसवलं सगळ्यांना, कसे सगळे धरून चालले की हा पुरुषच! मला वाटलं लेकही चकित होईल.

ती म्हणाली, "बरं. मग?"

"मग म्हणजे काय? ती बाई निघाली की."

"हो, पण जिच्या अंगाला हात लावला तीपण बाईच होती ना?"

मी चहाचं निमित्त काढून उठले. रात्री दहाला. पंचवीसेक वर्षं मी तो आरसा या गाण्याचा वकील म्हणून उभा करत आलेय आणि या पोरीनं एका वाक्यात त्याला बसवलं. आरशात कोण आहे हेच आम्ही बघत राहिलो. जिला क्लबात चाचपलं तिचा चेहरा मला आजही आठवत नाही. लेकीला आठवत होता, कारण तिनं तो आत्ताच पाहिला होता आणि तिचं लक्ष तिथंच होतं.

आधण उकळेपर्यंत मी मनातल्या मनात बाजू मांडत राहिले. गाणं काही मारायला शिकवत नाही. त्यावर नाचलेल्या आम्ही काही मार खाणाऱ्या झालो नाही. हे खरंच आहे. पण २०१० ला इथल्या पीआरएस या, गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत हेच गाणं सर्वांत वादग्रस्त ठरलं, म्हणजे तेरा वर्षांनीही लोकांना ते टोचत होतंच. मला टोचत नव्हतं, कारण माझ्या कानात ते भलत्याच दारातून शिरलं होतं. आणि एकदा आत आल्यावर आता शब्द कळतात म्हणून त्याला बाहेर कसं काढायचं, ते मला येत नाही. प्रॉडिजीचा गायक कीथ फ्लिंट २०१९ च्या मार्चमध्ये गेला त्या दिवशी मी कामावरून येताना गाडीत हेच गाणं लावलं होतं, 'फायरस्टार्टर' नाही. वास्तविक त्याचं गाणं ते. गाडी घराशी लावल्यावरही आलाप संपेपर्यंत उतरले नव्हते.

चहा घेऊन बाहेर आले तर लेकीनं शीला चंद्रांचं 'नाना' शोधून लावलं होतं. खाली ना ठोका, ना त्या दोन ओळी. पूर्ण ऐकलं तिनं, मान थोडी तिरकी करून, माझी आई ऐकायची तशी. संपल्यावर विचारलं, "या बाईंना कुणी विचारलं का गं तेव्हा, त्यांना काय वाटतं ते?"

म्हटलं, उद्या शोधू. साडेअकरा वाजलेत. गुरुवारी परत क्लास आहे, ती येणार नाही म्हणते. मी जाईन बहुतेक.