वेलीला त्रास झाला पाहिजे म्हणे

कॅलिफोर्नियात नापातल्या डोंगरावरच्या वाईनरीत गेलात की एक वाक्य ऐकून घ्यावंच लागतं: वेलीला त्रास झाला पाहिजे, तरच वाईन चांगली होते. माउंट व्हीडरवर सिराह या वाईनच्या काळ्या द्राक्षाची छोटी बाग असलेल्या गृहस्थांनी ते इतक्या कौतुकाने सांगितलं की निफाडच्या द्राक्षवाल्याच्या पोरीचं डोकंच फिरलं. आमच्याकडे वेलीला त्रास झाला की आप्पांची झोप उडते. फुलोऱ्यात अवकाळी आला की घड कुजतात, पिकल्यावर आला की मणी तडकतात. त्या त्रासाचे कुणी जादा पैसे दिलेत? व्यापारी उलट भाव पाडतो.

तरी त्यांचं म्हणणं खोटं नाही, हे कबूल करावं लागतं. माउंट व्हीडर मायाकामास रांगेत आहे. 1990 मध्ये त्याला स्वतंत्र द्राक्षप्रदेशाचा दर्जा मिळाला, पण लागवड अजूनही फार थोडी, कारण सरळ उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब. गृहस्थांनी पायाखालचा चपटा दगड उचलून हातात दिला. बोटांनी दाबला तर पापुद्रे सुटले. कधीकाळचा समुद्राचा तळ वर उचलला गेलाय तो. त्यात पाणी ठरत नाही, अन्न फार नाही. मग मणी धरतो तो बारीक. आमच्याकडे मणी 18 मिलिमीटर भरावा म्हणून घड जीएत, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात, बुडवतात, आणि हे लोक मणी लहान राहिला म्हणून खूश! कारण रंग आणि टॅनिन, म्हणजे जीभ आवळणारा तुरटपणा, सालीत असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त.

धुक्याचं गणितही मजेशीर. रात्री सॅन पाब्लो खाडीवरून धुकं येऊन दरी भरते, पण या बागा त्याच्या वर राहतात. त्यामुळे दरीपेक्षा इथली रात्र उबदार आणि दिवस थंड. फळ सावकाश पिकतं, आंबटपणा टिकतो.

डोंगर आहे म्हणून वाटेल तसा फोडता मात्र येत नाही. नापा काउंटीचा 1991 पासूनचा नियम आहे: उतार 5 टक्क्यांहून जास्त असेल तर बाग लावण्याआधी माती वाहून जाणार नाही याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा. 30 टक्क्यांच्या वर तर खास परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. हे ऐकून मी गप्प बसले. आपल्याकडे पोकलेन आला की टेकडी दोन आठवड्यांत सपाट. अर्थात आपल्याकडे कागदोपत्री शिस्त नाही असं कुणी म्हणू नये. युरोपला जाणाऱ्या आमच्या प्रत्येक प्लॉटची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंद असते आणि औषधांचे अंश तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. हेही मी त्यांना ऐकवलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

नापात पैसा आहे तो कॅबर्ने या द्राक्षाला. डोंगरावर सिराह लावायची तर हट्ट लागतो. कॅरोल मेरेडिथ या डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शास्त्रज्ञ होत्या. डीएनए तपासून सिराहचे आईबाप शोधणाऱ्यांत त्या होत्या: दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश, दोन्ही फ्रान्सच्याच, फारशा कुणाला माहीत नसलेल्या जाती. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने 1994 मध्ये याच डोंगरावर सिराह लावली. प्रयोगशाळेतून उठून थेट बागेत! मी नेमकी उलटी वाट धरली. पण बाग भावाने सांभाळायची हे घरात आधीच ठरलं होतं, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

चव घेतली दोन बाटल्यांची, एक नवी आणि एक दहा-बारा वर्षांची. (मामी, एकेक घोटच.) नवी जांभळीकाळी, जीभ आवळणारी. नवरा वास घेऊन म्हणाला, "अगं, काळी मिरी!" मला काही येईना. याला कारण आहे. मिऱ्यात असतो तोच रोटंडोन नावाचा रेणू सिराहमध्येही असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. साधारण पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही. मसाल्याच्या डब्यावर वाढलेली मी त्या पाचव्यात निघाले. जुनी बाटली मात्र मलाही कळली. रंग कडेला विटकरी, तळाशी गाळ, फळाचा गोडवा मागे सरून चामडं आणि खारवलेल्या ऑलिव्हचा वास. इतक्या वर्षांत टॅनिन एकमेकांशी आणि रंगद्रव्याशी जुळून मऊ झालेलं.

आणि विकत घ्यायची तर यादीत नाव लिहा! नंबर लागला की मोजक्या बाटल्या मिळतील, त्याही दहा वर्षं उघडू नका. आडव्या ठेवा, म्हणजे बूच सुकणार नाही, आणि तापमान 13 अंशांच्या आसपास. पैसे आज द्यायचे आणि माल दशकाने चाखायचा. आमचा माल खुडल्यापासून काही तासांत प्री-कूलिंगला, म्हणजे थंड करायला, गेला नाही तर संपलाच, म्हणून मला याचा जरा हेवाच वाटला. नाव लिहून आले.

रात्री आप्पांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "एकरी माल किती निघतो?"

"दोन टन निघाले तरी खूश असतात."

"दोन टन? मोडून टाक म्हणावं बाग."

मग मी हिशोब मांडला. टनाला सातशेच्या आसपास बाटल्या, एकेक साठ-सत्तर डॉलरची. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, पटलं.

"औषधाचा खर्च?"

"भुरीसाठी गंधक मारतात. डावणी जवळपास नाहीच. जून ते सप्टेंबर पाऊसच पडत नाही ना इथे."

"पाऊसच नाही?" आप्पा म्हणाले. "मग येलीला तरास कसला झाला गं?"