श्वास मोठा नको, लांब हवा

साहेबांचा मेसेज आला की धडधड सुरू होते, आणि शेजारचा हमखास सांगतो, "जोरात मोठा श्वास घे." इथेच चुकतं. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. चक्कर येते, ओठांना-बोटांना मुंग्या येतात आणि माणूस जास्तच घाबरतो.

उपयोग होतो तो सावकाश सोडलेल्या श्वासाचा. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हचा (मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा) हृदयावरचा लगाम आवळतो, ठोके मंदावतात. म्हणून नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला ६ श्वास. असं ५ मिनिटं. एक हात पोटावर ठेवा. हात हलला पाहिजे, खांदे नाहीत. ६ सेकंद जमत नसतील तर ३ आणि ४ ने सुरुवात करा, ओढूनताणून नको. मध्ये श्वास रोखायची गरजच नाही.

आणि हे संकटासाठी राखून ठेवू नका, कृपया. रोज लोकलमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत सराव असेल, तर ऐन मीटिंगआधी शरीर लवकर ऐकतं.

कामाचा बोजाच अवास्तव असेल तर श्वासाने तो हलका होत नाही. कामांची लेखी यादी वरिष्ठांपुढे ठेवून "यातलं आधी कोणतं करू?" हे विचारावंच लागतं.

झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर मात्र ताण समजून बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.