कॅसेटवर चुकून उतरलेला मंत्र

अमेरिकेत फार्गो शहरासमोर, नदीच्या अलीकडच्या काठावर मूरहेड आहे. तिथे माझं जुन्या ध्वनिफिती डिजिटल करण्याचं छोटं वर्कशॉप आहे. लग्नाची रीळं येतात, चर्चची प्रवचनं येतात, पण मला ओढ असते ती 'रशियातल्या जर्मनां'च्या कॅसेटची. यांचे पूर्वज जर्मन मुलखातून झारच्या आमंत्रणावरून काळ्या समुद्राकडे गेले. ओडेसाजवळची त्यांची कुचुर्गान गावं १८०८ सालची. पुढे सवलती गेल्या, १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि माणसं डकोटाच्या माळावर येऊन थडकली. येताना गावांची नावंसुद्धा घेऊन आली. नॉर्थ डकोटातल्या एमन्स काउंटीत आजही स्ट्रासबर्ग आहे.

पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात शिकलेलं माझं जर्मन या लोकांपुढे सुरुवातीला पार लंगडं पडलं. बोली दक्षिणेकडची, कलिंगडाला 'अर्बूस' हा रशियन शब्द, आणि ट्रॅक्टरपासून पुढचं सगळं इंग्रजी. ऐकून ऐकून कान तयार झाला.

गेल्या हिवाळ्यात एका गावच्या इतिहास-मंडळाने खोकंभर कॅसेट पाठवल्या. ध्वनिमुद्रण १९७० च्या दशकाच्या शेवटचं, शेतावरच्या घरातलं, स्वयंपाकघरातलं. बोलणारी म्हातारी आत्या, विचारणारा तिचा भाचा. दोघंही आता नाहीत. खोकं भाच्याच्या मुलीने मंडळाला दिलेलं.

पहिल्याच कॅसेटचं प्रेशर पॅड, म्हणजे फीत वाचणाऱ्या हेडवर ती दाबून धरणारी बारीक गादी, गळून पडलेलं. फीत उचलून नव्या डबीत घातली, हेडचा कोन जुळवला, तरी आत्याबाई चिमणीसारख्या चिवचिवत होत्या. भाच्याच्या रेकॉर्डरची बॅटरी उतरलेली असणार. मुद्रण होताना फीत सावकाश धावली की आज नीट वेगाने वाजवताना आवाज चढतो. अशा वेळी लोक कानाला बरं वाटेल तिथवर वेग कमी करतात. मला ते पटत नाही. मायक्रोफोनच्या वायरीत घरातल्या विजेची बारीक गुणगुण शिरलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झवर हवी. आलेखात तिची रेघ ६४ वर दिसली, शेवटाकडे ६५. त्या रेघेला धरून वेग हळूहळू उतरवत नेला आणि खरी बाई बोलू लागली: जाड, घोगरा, थोडा हुकूम सोडणारा आवाज.

आणि काय बोलली! शेण आणि पेंढा घोड्यांकडून तुडवून घेऊन त्याच्या विटा कशा कापायच्या, उन्हात कशा उलटायच्या, हिवाळाभर त्यांवर चूल कशी चालायची. नाताळात साखळ्या खुळखुळवत पोरांना घाबरवायला येणारा बेल्झनिकेल, आणि तो शेजारचाच माणूस आहे हे त्याच्या बुटांवरून ओळखणारी पोर. रात्री छातीवर बसणारी चेटकीण. लोककथांच्या पुस्तकांत या गोष्टी इस्त्री केलेल्या असतात. इथे मध्येच कुत्रा भुंकतो आणि बाई त्याला शिवी घालते.

मग दुसऱ्या बाजूला विषय आला 'ब्राउखे'चा. कुजबुजत्या प्रार्थनेने, क्रूसाची खूण करून रोग उतरवण्याची ही विद्या. पैसे मागायचे नाहीत, उघड्यावर बोलायचं नाही, आणि बाईने पुरुषाला, पुरुषाने बाईला द्यायची. आमच्याकडे विंचू उतरवणाऱ्यांचे नियम जवळपास असेच असत, त्यामुळे मला लगेच उमगलं. आत्या म्हणाली, "मशीन बंद कर." खट्ट असा आवाज आला. आणि फीत चालूच राहिली.

तिने मंत्र सांगितला. भाच्याने तो तीनदा म्हणून दाखवला, दुसऱ्यांदा अडखळला, तिने झापलं.

मंडळाच्या सचिवांना कळवलं, तर ते फोनवर हसले: "लबाड! बंद केल्यासारखं दाखवलंन." मी नाही म्हटलं. त्या काळच्या रेकॉर्डरच्या मायक्रोफोनवरच चालू-बंदचं बटण असे, आणि त्याला दोन पिना असत: जाड पीन आवाजाची, बारीक पीन मोटर थांबवण्याची. बारीक पीन पुरती बसली नसेल तर बटण खटकन वाजतं, फीत फिरत राहते. माझ्याकडच्या तशाच यंत्रावर करून पाहिलं, हुबेहूब तोच खट्ट. शिवाय मंत्र संपल्यावर तोच आवाज पुन्हा आहे, म्हणजे त्याने बटण परत चालू केलं. फसवणाऱ्याला ही दुसरी खट्ट कशाला हवी? भाच्याने खरंच बंद केलं होतं, असं माझं ठाम मत आहे. मग त्या खोलीत मुद्रणाला संमती देणारं कोणीच नव्हतं.

सचिवांना हा मजकूर कूखेन (त्यांचा गोड केक) खात ऐकवायच्या कार्यक्रमात हवा होता. या लोकांच्या वारशाचं आता बरंचसं कूखेन, क्नेफ्लाचं सूप आणि अकॉर्डियन एवढंच उरलंय, आणि त्याला मंडळंही जबाबदार आहेत. पण सचिवांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. ते म्हणाले, तिकडे सोव्हिएत मुलखात काय झालं बघा. भाषेचे अभ्यासक गेओर्ग डिंगेस व्होल्गाकाठच्या जर्मनांची बोली आणि गाणी गोळा करत होते. १९३० मध्ये अटक, १९३२ मध्ये सायबेरियातच मृत्यू. २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने व्होल्गाकाठची माणसंच उचलून नेली, आणि १९४४ मध्ये कुचुर्गानची गावं गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली. "जे वाचलंय ते तुम्ही झाकून ठेवणार?" यावर माझ्याकडे तेव्हा चोख उत्तर नव्हतं. आजही नाही.

भाच्याच्या मुलीला बोलावलं. साठीची बाई, निवृत्त नर्स. तिला ऐकवण्याआधी मी काय आहे ते सांगितलं. तिने विचारलं, "तुम्हाला कळला तो?" कळला होता, खोटं कसं बोलणार? आत्याकडून माझ्याकडे, बाईकडून बाईला गेला, म्हणजे त्यांच्या हिशेबी बादच. ती मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडली. नियमाप्रमाणे तिचे वडील तो तिला देऊ शकत होते. इतकी वर्षं दिला नाही. विसरले, लाजले, की नर्स झालेल्या मुलीला सांगण्यात अर्थ वाटला नाही?

तिने हेडफोन घेतले नाहीत. संपूर्ण फाइल आणि मूळ कॅसेट घरी घेऊन गेली. कॅसेट दान केलेली असल्याने ती मंडळाची आहे, असं सचिवांचं म्हणणं. कागदावर त्यांचंच बरोबर असावं. मंडळाच्या प्रतीत तेवढी जागा मी कोरी ठेवली आणि नोंदीत कारण लिहिलं: बोलणाऱ्या व्यक्तीने यंत्र बंद करायला सांगितलं होतं. माझं बिल अजून थकलेलं आहे.