पाच आणि आठ

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं. सगळ्याच गुरुजनांविषयी लिहावं अशी अपेक्षा असणार. पण माझं पान विज्ञानाच्या बाईंनीच भरणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नये. बाई म्हणजे कोणत्या, हे तुम्हाला सांगायला नकोच.

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवर बाईंनी स्वतः काढलेला तक्ता तुम्हाला आठवत असेल. आवर्तसारणी नव्हे, ती पुढच्या भिंतीवर होती. हा समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या अणूंचा. उभ्या बाजूला प्रोटॉन, आडव्या बाजूला न्यूट्रॉन आणि प्रत्येक चौकटीत एक अणुकेंद्रक. टिकणारी काळ्या शाईत, किरणोत्सारी तांबड्या शाईत, खाली अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटून किंवा बदलून जायला लागणारा वेळ. नावापुढचा आकडा म्हणजे वस्तुमानांक, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज. हायड्रोजनपासून सुरुवात आणि निऑनवर शेवट. “युरेनियम-रेडियमची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. हलक्यांची विचारपूस कोणी करत नाही,” असं बाई म्हणायच्या आणि घंटा झाली तरी ती विचारपूस चालूच ठेवायच्या. ट्रिटियमचा अर्धायुकाल 12.3 वर्षं. लिथियम-8ला एक सेकंदही मिळत नाही, आणि त्याला कोपरा लागून असलेल्या चौकटीतला बेरिलियम-10 मात्र सुमारे 14 लाख वर्षांनी निम्मा होतो. कार्बन-14चा 5730 वर्षं हा आकडा तर आम्हाला झोपेतही आठवायचा.

एकदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने बाईंची चूक काढली. म्हणजे त्याला तसं वाटलं. हीलियम-4मध्ये 2 प्रोटॉन, 2 न्यूट्रॉन. अशा तिघांचा कार्बन-12, चौघांचा ऑक्सिजन-16, दोन्ही काळ्या शाईत. मग दोघांचा बेरिलियम-8 तांबडा कसा? शिवाय त्या चौकटीत दशांशचिन्हापुढे 16 शून्यं आणि मग 8, इतके सेकंद लिहिलेले. ती शून्यं मावेनात म्हणून शेजारच्या बेरिलियम-9च्या चौकटीत घुसली होती. “बाई, शून्यं जास्त पडलीत,” तो म्हणाला.

बाई खूश झाल्या. खडू घेतला आणि त्या दिवसाचा धडा तिथेच राहिला. दोन सुट्या हीलियम केंद्रकांपेक्षा बेरिलियम-8चं वस्तुमान किंचित जास्त भरतं, म्हणून ते जुळतं न जुळतं तोच फुटतं. वस्तुमानांक 5चीही तीच गत: हीलियम-5 टिकत नाही, लिथियम-5ही नाही. पाच आणि आठ या दोन पायऱ्याच गायब! त्यामुळे विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हीलियम आणि नावापुरतं लिथियम एवढंच तयार झालं आणि गाडी अडली. कार्बनला ताऱ्यांची वाट पाहावी लागली. तिथे बेरिलियम-8 फुटायच्या आत तिसरं हीलियम येऊन आदळावं लागतं. एवढ्या अल्प क्षणात हे पुरेसं घडायचं तर कार्बन-12ला नेमक्या ऊर्जेची एक उत्तेजित पातळी (केंद्रकाची वाढीव ऊर्जेची अवस्था) असलीच पाहिजे, असं खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी 1953 साली सांगितलं, आणि अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या प्रयोगशाळेत ती खरंच सापडली, 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला. पुढचा तास भूगोलाचा होता. सर दाराशी येऊन उभे राहिले ते ऐकतच राहिले. त्या दिवशी भूगोल झालाच नाही.

आज मी एका सायक्लोट्रॉन (प्रोटॉनसारख्या कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) विभागाची प्रमुख आहे. हे मिरवायला लिहीत नाही (थोडं मिरवायलाही लिहितेय), तर माझं रोजचं काम बाईंच्या तक्त्यातल्या लागोपाठच्या चार ओळींत मावतं म्हणून. कार्बन-11 20 मिनिटं, नायट्रोजन-13 10 मिनिटं, ऑक्सिजन-15 2 मिनिटं, फ्लुओरिन-18 110 मिनिटं. चौघेही पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन प्रभाराचा कण) सोडतात, त्यावरून पेट स्कॅनमध्ये शरीराच्या आतलं चित्र उमटतं. ऑक्सिजन-18 असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा मारा करून फ्लुओरिन-18 बनवायचा, तो ग्लुकोजसारख्या रेणूत गुंफायचा, तपासायचा आणि रुग्णापर्यंत पोचवायचा, आणि तोवर तो घटतच असतो. नायट्रोजन-13च्या वेळी तर रुग्ण आधीच तयार ठेवावा लागतो. हाच नायट्रोजन-13 फ्रान्सच्या जोलिओ-क्युरी या शास्त्रज्ञ दांपत्याने 1934मध्ये बोरॉनवर अल्फा कण सोडून बनवला होता. मारा थांबला तरी किरणोत्सर्ग थांबेना, हे बाईंनी असं रंगवून सांगितलं होतं की आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या. नव्या सहकाऱ्यांना मी ते त्याच चढ-उतारांनी सांगते. बाईंची नक्कल आहे हे त्यांना कुठे माहीत!

मध्यंतरी शाळेत आले होते. प्रयोगशाळा चकचकीत झाली आहे, मागची भिंत रंगवली आहे आणि तक्ता काढून टाकला आहे. मुलांनी समस्थानिकाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. उदाहरण विचारलं तर सगळ्यांचं एकच, कार्बन-14. मुलांचा दोष नाही, पण मला वाईट वाटलं.

महोत्सव समितीला म्हणून एक विनंती. माझी देणगी कोनशिलेला लावू नका, त्यातून तो तक्ता पुन्हा करून घ्या. आकडे मी तपासून देईन. बेरिलियम-8ची शून्यं मात्र सगळी लिहा, घातांकात आटपू नका, आणि शेजारच्या चौकटीत घुसली तर घुसू द्या.