तुम्ही विचारलंत म्हणून: दवाखान्याच्या वासाची व्हिस्की

"मॅडम, गंगापूर धरणाकडे गाडी वळवली की वायनरी, जगभरातून लोक इथे वाइन प्यायला येतात, आणि तुम्ही नाशिकच्या असून हे दवाखान्याच्या वासाचं काय पिता?"

स्टाफरूममधल्या मैत्रिणीने विचारलं, धाकट्या जावेने विचारलं, भाचा तर दर दिवाळीला विचारतो. वाइनशी माझं वैर नाही. पण महिन्यातून एक-दोनदा, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, मी तीस मिली धुरकट स्कॉच घेऊन गच्चीत बसते, हे खरं. विचारणाऱ्याला मी आजवर "आवडते" एवढंच सांगत आले. आज नीट सांगते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचवटीत मालेगाव स्टँडजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बाकड्यावर अभ्यास करायची. स्पिरिटच्या स्टोव्हवर सुया उकळत असायच्या. मिक्स्चरच्या बाटलीवर डोस कळावेत म्हणून अण्णा कागदाची पट्टी घडी घालून कात्रीने कातरायचे आणि खळ लावून चिकटवायचे. फरशी फिनेलने पुसलेली, कपाटात टिंक्चर आयोडीन, हात धुवायला लाल कार्बोलिक साबण. या सगळ्याचा मिळून एक वास होता आणि तो अण्णांच्या पांढऱ्या हाफ शर्टात इतका मुरला होता, की आईने सोड्यात भिजवून धुतला तरी जायचा नाही. २००९ मध्ये अण्णा गेले. शर्ट कुणाकुणाला देऊन टाकले. वास घरातून गेला.

डिसेंबर २०१४ मध्ये मावसभाऊ परदेशातून आला. त्याने येताना लाफ्रॉइग नावाच्या, दहा वर्षं मुरलेल्या स्कॉचची बाटली आणली होती. त्यानेच हौसेने सगळ्यांना थोडी थोडी ओतली. मी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. ग्लासात अण्णांचा शर्ट होता. त्या रात्री मी ती प्यायले नाही. इतरांनीही तोंडं वाकडी केली. जाताना तो म्हणाला, "ताई, तुझ्याकडेच राहू दे."

त्या वासाचं कारण मला कळायला हवं होतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, फिनॉलची बाटली दर वर्षी हाताळते, तरी दुवा लागायला दोन दिवस वाचावं लागलं. लाफ्रॉइग बनते आयला नावाच्या बेटावर, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर. वाऱ्याने झोडपलेलं बेट, झाडं फार कमी. जळण म्हणून तिथल्या लोकांच्या हाताशी होतं ते पीट, म्हणजे दलदलीत साठून अर्धवट कुजलेलं शेवाळ, गवत, झुडपं. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं, म्हणजे एक मीटर थराला साधारण हजार वर्षं. उन्हाळ्यात ते विटांसारखं कापतात, वाऱ्यावर सुकवतात आणि जाळतात.

आता आपली नाचणी आठवा. भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची, की सत्त्व तयार. व्हिस्कीसाठी जवाचं हेच करतात. मोड योग्य वेळी थांबवायला दाणे भट्टीवर वाळवायचे. आयलावर त्या भट्टीत पीट. दाणा ओलसर असेतोवर धूर त्याच्या सालाला धरतो, कोरडा झाला की फारसा धरत नाही. त्या धुरात फिनॉल असतं, क्रेसॉल असतं, ग्वायकॉल असतं. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक अॅसिड. जंतुनाशकांत आणि साबणात जे वासाला यायचं, ते हेच घराणं. म्हणजे मला भास झाला नव्हता. अण्णांच्या हातावर आणि त्या ग्लासात खरोखर एकच रेणू होते.

याच कार्बोलिक अॅसिडने जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने १८६५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगोत एका अकरा वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायावरची जखम बांधली आणि जखम न चिघळता पाय वाचला. जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात तिथून मोजतात. दवाखान्याचा वास स्कॉटलंडमधूनच जगभर गेला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अण्णांना हे सांगायला मला फार आवडलं असतं.

पण वास ओळखणं वेगळं आणि चव आवडणं वेगळं. आवड लागली ती निफाडला.

जानेवारीत निफाडचा पारा किती उतरतो हे इथल्यांना सांगायला नको. मैत्रिणीची द्राक्षबाग आहे. ऐन मणी भरायच्या दिवसांत कडाका पडला, की मणी तडकायची भीती, म्हणून रात्री बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. त्या रात्री मी तिथे मुक्कामाला होते. मैत्रिणीच्या यजमानांनी, भाऊजींनी, छाटणीच्या काड्या, पालापाचोळा, थोडी ओली लाकडं पेटवली होती. धूर जमिनीलगत ओळींमधून सरकत होता. आम्ही तिघं शेकोटी सांभाळत बसलो होतो, भाऊजी दर अर्ध्या तासाने तापमापी बघून येत होते. रात्री दीडला त्यांना माझ्या पिशवीतल्या बाटलीची आठवण झाली. चहाच्या काचेच्या ग्लासात बोटभर ओतली. आग्रह झाला म्हणून मीही घेतली.

धुराचा वास आलाच नाही. तीन तास धुरात बसून नाकाने त्याची दखल घेणंच सोडलं होतं. उरलं ते बाकीचं, आणि बाकीचं पुष्कळ होतं. आधी जिभेच्या शेंड्यावर गोडवा, मधासारखा. मग व्हॅनिला, तो अमेरिकेत बर्बन, म्हणजे तिथली मक्याची व्हिस्की, मुरवून झालेल्या ओकच्या पिंपांतून येतो. मग मीठ. भाजलेल्या कणसावर लिंबू-मीठ चोळल्यावर कडेच्या करपल्या दाण्याला जी चव येते ना, तिच्या अगदी जवळचं काहीतरी. आणि घोट गिळून झाल्यावर, छातीत ऊब पसरताना, मागून हळूच तो धूर. ज्याच्यामुळे महिन्यापूर्वी ग्लास खाली ठेवला होता, तो शेवटी आला आणि हवासा वाटला.

तेव्हापासून कुणी चाखून बघायचं म्हटलं, की मी सांगते, पहिला घोट धुरासाठी घेऊच नका. धूर आपण होऊन येतो. त्याच्यामागे काय आहे ते शोधा.

मग ओढच लागली. आयलाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट एलन गावाहून निघालेल्या एकाच रस्त्यावर लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्या ओळीने उभ्या आहेत, पण चवीत तिघी सख्ख्या बहिणी असून वेगळ्या. लागावूलिन १६ वर्षं मुरलेली, सावकाश बोलणारी, सुक्या मेव्याची. आर्डबेगमध्ये धूर जास्त आणि तरी लिंबासारखी चमक. मधल्या किनाऱ्यावरची बोमोर १७७९ पासूनची, या चौघींत मवाळ. धूर मोजायला पीपीएम वापरतात, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलांचे किती भाग. आर्डबेगच्या जवात साधारण ५५, लाफ्रॉइगच्या ४० ते ४५. मात्र तो आकडा वाळवलेल्या जवाचा, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ करून मद्य वेगळं काढताना, आणि पिंपात त्यातलं बरंच जातं. फिनॉलं ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात, म्हणून उतरणारी धार कुठे तोडायची हे ते करणाऱ्याच्या हातात असतं. आकडा बघून बाटली घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

किमती जबर आहेत, हेही खरं. सुरुवात करायची तर बंगळुरूची अमृत फ्यूजन बघा. भारतीय जव आणि स्कॉटलंडचा पीटवर वाळवलेला जव, दोन्हींचा मेळ. धूर बेताचा आहे.

बर्फ घालू नका, थंडीने वास मिटतो. पाणी घाला, चमच्याने, थेंब थेंब. यालाही आधार आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवली, की मद्याचं प्रमाण खाली आणलं तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी येऊन राहतं, म्हणजे नाकाच्या जवळ. हा प्रयोग मी वर्गात सांगू शकत नाही, पण घरी दर वेळी करते.

आणि जाऊबाईंना एक सांगायचं राहिलं. अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. माझं हे पिणं त्यांना आवडलं नसतं, ते मला माहीत आहे आणि ते मी मनाशी धरूनच घेते. एका पेगवर दुसरा नाही.

ग्लास मात्र रात्री विसळत नाही. ओट्यावर तसाच ठेवते. सकाळी दूध तापायला ठेवताना तो उचलते. मद्य उडून गेलेलं असतं, गोडवा गेलेला असतो, तळाशी एक पिवळसर कडं असतं. नाक आत घालते. मालेगाव स्टँड, ओली फरशी, खळीने चिकटवलेली पट्टी. मग नळ सोडते.