मासिक नोंदवही अ‍ॅपमधून सोडवून आणताना: माझा अनुभव

महिनाभरात वाचलेली पुस्तकं, संपवलेली कॉमिक्स आणि पाहिलेले सिनेमे यांतलं जे आवडलं त्याची नोंद मी बरीच वर्षं ठेवते आहे. नाव, तारीख आणि का आवडलं याच्या दोन ओळी. लिहिण्यात कधीच काही अडलं नाही. अडलं ते ही नोंद एका अ‍ॅपमधून बाहेर काढून नव्या अ‍ॅपमध्ये नेताना, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

डेटा बाहेर काढायची सोय होती. बटण दाबलं, सीएसव्ही फाइल (स्प्रेडशीटमध्ये उघडता येणारा साधा तक्ता) मिळाली. उघडली तर मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर आणि चित्रविचित्र चिन्हं. यावर उपाय आहे. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असते आणि स्प्रेडशीट ती जुन्या एन्कोडिंगने उघडते. डबल क्लिक करू नका, इम्पोर्टमधून आणा आणि यूटीएफ-८ निवडा. देवनागरी नीट दिसते.

खरी गोची तारखांची. मासिक नोंदीत तारीखच गेली तर उरतं काय? पुस्तक यादीत कधी टाकलं ती तारीख प्रत्येक ओळीत होती. कधी संपवलं, तो रकाना मात्र जागोजागी रिकामा. अ‍ॅपच्या पडद्यावर तीच तारीख मला स्वच्छ दिसत होती! दुसऱ्यांदा वाचलेल्या पुस्तकांचीही एकच ओळ. मदत विभागाला स्क्रीनशॉटसकट लिहिलं. उत्तर आलं, फाइल पुन्हा डाउनलोड करून पाहा. पाहिली, तशीच. पुन्हा लिहिलं तर तेच वाक्य, खाली नाव फक्त वेगळं. मग ‘आपली सूचना संबंधित टीमकडे पाठवली आहे’ आणि त्यानंतर काहीच नाही. मी स्वतः भरलेली तारीख मला परत मागावी लागते आणि तरी मिळत नाही, हे मला आजही पटत नाही.

शेवटी एकेक पान उघडून तारखा हाताने उतरवल्या. पडद्यावरही नव्हत्या तिथे सिनेमाच्या तिकिटाचे मेल, ई-बुकमधल्या अधोरेखनांच्या तारखा आणि वाचनालयातली देवघेव कामी आली. कंटाळवाणं काम होतं, पण सगळे महिने जागेवर बसले तेव्हा फार समाधान वाटलं. म्हणून सांगते, सगळं तपासून होईपर्यंत जुनं खातं डिलीट करू नका. तारीख 2024-03-09 अशीच लिहा. 03/09 म्हणजे मार्च की सप्टेंबर, हा घोळ राहत नाही आणि क्रमही आपोआप लागतो.

हो, इम्पोर्ट करतानाच आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, रकाना ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर 13 आकडी क्रमांक आखडून 9.78 ने सुरू होणारी दशांश संख्या दिसते, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह झाली की मागचे आकडे गेले. 2007 च्या आधीच्या पुस्तकांवर सहसा 10 आकडी क्रमांक असतो; तो शून्याने सुरू होत असेल तर तो शून्यही गळतो. कॉमिक्सच्या सुट्या अंकांना बहुधा आयएसबीएन नसतोच, तेव्हा मालिकेचं नाव आणि अंक क्रमांक वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. सिनेमाच्या नावापुढे प्रदर्शनाचं वर्ष हवंच. माझ्या काही नोंदी नव्या अ‍ॅपने त्याच नावाच्या भलत्याच सिनेमाला जोडल्या होत्या.