नरसाळ्याची टाकी

आमचा धंदा दुधाच्या टाक्यांचा. सोलापूरच्या चिंचोली एमआयडीसीत पत्र्याची शेड, सात माणसं, वेल्डिंगची दोन टिग मशीन. जिल्ह्यातल्या डेऱ्यांची कामं करतो. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदाच बिअरची टाकी बनवली. गिऱ्हाईक म्हणजे घरोघरी रोज रात्री साडेआठला दिसायचा तो नट. नाव सांगत नाही, तसं कबूल केलंय. पुण्यात पब काढत होता आणि बिअर तिथंच बनवणार होता.

घरी मात्र दुधाची टाकी म्हणून सांगितलं. वडील माळकरी. उभी हयात गिरणीत फिटर म्हणून गेली, पण वारी कधी चुकवली नाही.

तसं बघितलं तर फार खोटं बोललो नव्हतो. तोच ३०४ नंबरचा स्टेनलेस पत्रा, वेल्डिंगला तोच आर्गन वायू, तेच बफिंग. फरक दोनच. दूध टाकीत दिवस-दोन दिवस राहतं, बिअर पंधरा-वीस दिवस मुक्काम ठोकते. दुसरा फरक तळाचा. बिअरच्या टाकीला खाली साठ अंशांचं नरसाळं लागतं. आंबून झालं की यीस्ट घसरून त्यात बसतं, ते खालच्या व्हॉल्व्हनं काढून पुढच्या घाण्याला वापरतात.

डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी तपासणी होती. ब्रुअर मॅडम, म्हणजे तिथं बिअर बनवणार होत्या त्या, आदल्या रात्रीच हुतात्मा एक्सप्रेसनं आल्या होत्या. तिशीच्या आतल्या, पाठीवर सॅक. आमची पोरं नटाची वाट बघत होती, यांच्याकडे कुणी बघेना. सकाळी त्यांनी दाबाची चाचणी घेतली. कामाचा दाब एक बार, आम्ही दीडवर अर्धा तास धरला. काटा जागचा हलला नाही. अण्णानं, आमच्या वेल्डरनं, माझ्याकडे बघून मिशीत हसून घेतलं.

अकराला काळी गाडी आली आणि आजूबाजूच्या चार शेडमधलं काम बंद पडलं. फोटो झाले. मग त्यानं टाकीभोवती फेरी मारली, हात फिरवला. "बाहेरून अजून चकाकली पाहिजे. काचेमागं ठेवणार आहे, लोक बिअर पिताना हिच्याकडेच बघणार." मी मान डोलावली. बाहेरची पॉलिश म्हणजे एका दिवसाचं काम.

मॅडम म्हणाल्या, "दादा, शेडचे दिवे बंद करा."

त्यांनी पिवळी पावडर पाण्यात कालवून टाकीच्या आतून सगळीकडे फवारली. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीतलं, जिच्यानं लघवी पिवळी होते तेच. मग स्प्रे बॉल, म्हणजे टाकीत आतून पाणी फवारणारा भोकाभोकांचा गोळा, चालू करून साध्या पाण्यानं टाकी धुतली आणि मॅनहोलमधून, म्हणजे टाकीच्या तोंडातून, यूव्ही टॉर्च मारला. जिथं पाणी पोचत नाही तिथली पावडर तशीच राहते आणि त्या उजेडात हिरवी-पिवळी चमकते. डेऱ्यांच्या कामात ही परीक्षा आम्हाला कुणी कधी घेतली नव्हती.

मॅनहोलच्या गळ्याखाली तळहाताएवढा चट्टा चमकत होता. दुसरा, वरच्या एका नोजलच्या, म्हणजे पाइप जोडायच्या नळीच्या पोटात.

नटाचा मॅनेजर म्हणाला, "एवढंसं तर आहे! ओपनिंगच्या तारखा दिल्यात, पाहुणे सांगून झालेत. पुण्यात नेऊन करू." खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. उरलेले चाळीस टक्के गाडी सुटल्यावरच मिळणार होते.

मॅडम नटाला म्हणाल्या, "तुम्ही स्वतः बघा." त्यानं गॉगल काढला, अंगठ्या काढून मॅनेजरच्या हातात दिल्या आणि खांद्यापर्यंत आत वाकला. त्रेचाळीस डिग्रीत ती टाकी म्हणजे भट्टी. बाहेर आला तेव्हा मेकअप नसलेला, घामानं निथळणारा साधा माणूस दिसत होता.

"इथं राहिलं तर काय होईल?"

"जंतू धरतात. बिअर आंबट होते. अख्खा घाणा, हजार लिटर, गटारात."

तो जरा वेळ गप्प. "म्हणजे रिटेक नाही," एवढंच बोलला.

अण्णा एव्हाना नोजलवर खडूनं खूण करत होता. नोजलचा गळा आखूड करायचा, स्प्रे बॉल तीन इंच खाली घ्यायचा आणि मॅनहोलच्या बाजूला दुसरा बसवायचा. संध्याकाळपर्यंतचं काम.

जेवायला नट तिथंच थांबला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. बोलका माणूस. डॅनी डेन्झोंगपानं १९८७मध्ये सिक्कीममध्ये बिअरचा कारखाना काढला, हे त्यानं मला ऐकवलं. इंग्लंडच्या टीव्हीवाल्या जेरेमी क्लार्कसनचंही कौतुक करत होता. त्यानं २०२१मध्ये हॉकस्टोन नावाची बिअर आणली, २०२४मध्ये पब उघडला. मॅडमनी तिथंच टोकलं, "आणि २०२३मध्ये त्याच हॉकस्टोनच्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या बाटल्या फुटू शकतात म्हणून त्याला स्वतःलाच जाहीर करावं लागलं." नट खळखळून हसला. मॅनेजर हसला नाही. मॅडम पुढं म्हणाल्या, पुण्यात २००९मध्ये डुलाली सुरू झालं, जागेवरच बिअर बनवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. "तिथं कुणी नट नव्हता, सर."

एवढ्यात वडील दारात. माझा डबा घरी राहिला होता म्हणून रिक्षानं आले होते. साडेआठला ते हरिपाठात असतात, त्यामुळं समोरचा माणूस कोण याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"कशाची टाकी, साहेब?" त्यांनी त्यालाच विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून त्याला काय समजायचं ते समजलं असावं. "दुधाची, काका," पापणीही न लववता म्हणाला. नट तो नटच.

वडिलांनी टाकीला एक फेरी मारली. खाली बसून वेल्डवरून अंगठा फिरवला, खालचा व्हॉल्व्ह उघडून बंद केला. काही बोलले नाहीत.

रात्री नऊला पुन्हा दिवे बंद केले. आत मिट्ट काळोख, कुठंही ठिपका नाही. मॅडमनी सही केली, पहाटे ट्रक सुटला.

घरी पोचलो तर वडील झोपाळ्यावर जागेच होते. बराच वेळ कड्यांची करकर तेवढी चालली होती.

"का रे," ते म्हणाले, "दुधाला नरसाळं कशाला लागतंय?"